फरंगीसने न दिलेलं नाव

शिराझच्या ज्या गल्लीत फरंगीसचा संसार झाला, तिथल्या बायका तिला एका गोष्टीसाठी फार मानायच्या. या बाईच्या कानात घातलेली गोष्ट तिच्या ओठांवर येत नाही, असा तिचा लौकिक होता. सरकारी इस्पितळात शस्त्रक्रियेच्या वॉर्डात ती सिस्टर होती. कामाची पाळी संपली की गल्लीत कुणाला इंजेक्शन दे, कुणाचे टाके काढ, कुणा म्हाताऱ्याची जखम बांध, हे तिचं चालूच असायचं. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाच्या नवऱ्याला कसलं दुखणं आहे, कुणाच्या लेकीने हातावर ब्लेड ओढून घेतलंय, सगळं तिला ठाऊक असे, पण ती कुणाला सांगत नसे. नवऱ्यालाही नाही. इराज शाळेत भूगोल शिकवायचा. आपल्याला जगातल्या सगळ्या नद्या कुठून कुठे जातात ते ठाऊक आहे, पण शेजारच्या घरात काय चाललंय ते बायकोकडून कधी कळलं नाही, असं तो पाहुण्यांपुढे हसत हसत म्हणायचा.

ज्या वर्षी पोरीबाळी डोक्यावरचे रुमाल काढून रस्त्यावर आल्या, त्या वर्षी थंडीच्या तोंडाशी एका दुपारी इफ्फत खानम फरंगीसच्या दारात उभी राहिली. गल्लीच्या टोकाचं घर तिचं. बरोबर कॉलेजात जाणारी लेक, दिलारा. पोरीने आईचा लांब काळा झगा घातला होता आणि ती भिंतीला धरून चालत होती. पोटरीपासून मांडीपर्यंत पायात पोलिसांच्या बंदुकीतले छर्रे घुसले होते.

इस्पितळात नेण्याचा प्रश्नच नव्हता, हे फरंगीसइतकं कुणाला ठाऊक असणार! दारात साध्या कपड्यातली माणसं उभी असत. छर्रे लागलेलं कुणी आलं की आधी नाव लिहून घेत, मग जखम बघू देत. कित्येकांना पट्टी बांधलेल्या अवस्थेतच उचलून नेलेलं तिने पाहिलं होतं. तिने इफ्फत खानमला आत घेतलं, इराजला बाहेरच्या खोलीत बसायला सांगितलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर प्लास्टिक अंथरलं आणि दार लावून घेतलं.

त्या एका पायानंतर आणखी माणसं येऊ लागली. कुणी कुणाला सांगितलं, तिला कळत नव्हतं, पण लोक येत. येणारीजाणारी माणसं इंजेक्शनसाठी येतात, असंच शेजारी समजत. कित्येकांची नावं तिने विचारलीच नाहीत. ज्यांची ठाऊक होती, ती विसरल्यासारखी वागली. हिवाळा सरायच्या आत एके दिवशी इस्पितळात चादरींच्या खोलीत बरोबरच्या सिस्टरने तिचा हात धरला आणि एवढंच म्हणाली, "फरंगीस, आज घरी जाऊ नकोस." ज्यांचे छर्रे काढले त्यांच्यातलं कुणीतरी पकडलं गेलं होतं आणि माराने बोलतं झालं होतं. फरंगीसने इराजला फोन केला. तो वर्ग तसाच सोडून निघाला. सिंकमध्ये सकाळची भांडी होती, ती तशीच राहिली. सीमेजवळ उर्मियाला इराजच्या आतेभावाकडे, तिथून डोंगर ओलांडून तुर्कस्तान, आणि बरेच महिने धक्के खात शेवटी एका ट्रकमधून जर्मनी.

आश्रयाच्या अर्जाची मोठी मुलाखत झाली तेव्हा समोर बसलेला अधिकारी तरुण आणि सभ्य होता. त्याने स्वतःहून पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. दुभाषी मात्र तेहरानी वळणाची फारसी बोलणारा, छान कपडे घातलेला गृहस्थ होता, आणि मुलाखत सुरू व्हायच्या आधी त्याने सहज, गप्पा मारल्यासारखं विचारलं, "शिराझला कुठल्या भागात राहायचात, खानम?" तो बिचारा कदाचित ओळखीपाळखीचंच काहीतरी काढू पाहत असेल. पण फरंगीसने उचललेला ग्लास तसाच खाली ठेवला. हा माणूस संध्याकाळी कुणाबरोबर जेवतो, कुणाला फोन करतो, तिला काय माहीत?

अधिकाऱ्याने विचारलं, कुणाकुणावर उपचार केलेत, नावं सांगा.

"आठवत नाही," ती म्हणाली.

"एकाचंही नाही?"

"नाही."

तो लिहीत राहिला. त्याच दिवशी दुसऱ्या खोलीत इराजला विचारलं, हे सगळं घरात कुठे चालायचं? तो म्हणाला, आतल्या खोलीत. फरंगीसने सांगितलं होतं, स्वयंपाकघरात. काही महिन्यांनी अर्ज फेटाळल्याचं उत्तर आलं. त्यात म्हटलं होतं की बाईंचं सांगणं मोघम आहे, नावं नाहीत, नवराबायकोच्या सांगण्यात मेळ नाही. हे त्यांनी स्वतः अनुभवलेलं वाटत नाही.

फरंगीसने ते वाक्य दोनतीनदा समजावून घेतलं. जन्मभर ज्या गप्प राहण्याला लोक तिचा मोठेपणा समजत आले, ते इथे खोटेपणा ठरलं होतं.

त्यावर कोर्टात दावा लावला आणि मग वाट बघणं सुरू झालं. होक्स्टरमध्ये, नदीपासून जवळच, एका बंद पडलेल्या बेकरीच्या वर त्यांना दोन खोल्या मिळाल्या होत्या. फरंगीस वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून जाऊ लागली. म्हाताऱ्यांना उठवायचं, पुसायचं, भरवायचं. इंजेक्शनच्या कपाटाला हात लावायचा नाही. इराजला काही काम मिळेना, तो भाषेच्या वर्गाला जाई आणि उरलेला वेळ खिडकीत बसे. कोर्टाचं काही आलं तर ते पिवळ्या पाकिटात येतं, हे तिथे सगळ्यांना ठाऊक. दुपारी टपालवालीची सायकल खाली थांबली की इराज सपाता ओढत जिना उतरे आणि फरंगीस घरी असली तर तिच्या हातातलं काम थांबे. जिन्यावरून वर येताना त्याची पावलं सावकाश पडतायत की भरभर, यावरून ती अंदाज बांधायची. सुपरमार्केटची जाहिरात, विजेचं बिल, काहीही असलं तरी तो तिथूनच ओरडून सांगायचा, "काही नाही!"

खालच्या मजल्यावर जॉर्जियाचं एक कुटुंब होतं. एका पहाटे गाड्या आल्या आणि त्यांना घेऊन गेल्या. सकाळी फरंगीस कामाला निघाली तेव्हा त्यांच्या दाराशी धाकट्या मुलीचे चिखलाने भरलेले रबरी बूट तसेच उभे होते. दावा चालू आहे तोवर तुम्हाला कुणी हात लावणार नाही, असं वकीलबाईंनी शंभरदा सांगूनही त्या दिवसापासून फरंगीस बाहेरचे कपडे घालूनच झोपू लागली.

याच सुमारास इराजला खोसरो भेटला. स्टेशनजवळ किल्ल्या करून देण्याचं आणि बुटांच्या टाचा बसवण्याचं त्याचं दुकान होतं. इस्फहानचा माणूस, बरीच वर्षं इथे मुरलेला.

"इराज आगा, तुम्ही शिकलेली माणसं, म्हणून अडून बसता," तो म्हणाला. "तुमचे छर्रे कुणाला दिसणार? बाप्तिस्म्याचा दाखला दिसतो, आणि धर्म बदललेल्याला इराणात परत पाठवत नाहीत. मी माझा दाखवला, काम झालं. आता मी ईस्टरला चर्चमध्ये जातो आणि नवरोजला घरी हफ्तसीनचे सात जिन्नसही मांडतो. देवाकडून अजून तरी तक्रार आलेली नाही."

इराज चर्चमध्ये जाऊ लागला. गावातल्या चर्चच्या पाद्री एक बाई होत्या. दर आठवड्याला त्या या नव्या लोकांना शिकवायच्या आणि नंतर कॉफी आणि केक असे. इराजला तिथलं गाणं आवडलं, केक त्याहून आवडला. बाप्तिस्म्याची वेळ जवळ आली तेव्हा पाद्रीबाईंनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "समजा, उद्या तुम्हाला इथे राहायचे कागद मिळाले. पुढच्या रविवारी याल?" आयुष्यभर मुलांच्या थापा पकडण्यात गेलेल्या माणसाला स्वतः थाप मारता येईना. तो म्हणाला, "केकसाठी येईन, बाई." त्या हसल्या, म्हणाल्या, मग केकसाठीच येत जा.

हे त्याने घरी येऊन हसत सांगितलं. सांगता सांगता त्याचं हसू गेलं.

"मी खोटं बोलायलासुद्धा निघालो होतो, फरंगीस. तुला फक्त खरं सांगायचंय. एक नाव, एवढंच."

"नाव माझं नाही."

"आणि मी? मी तुझा आहे की नाही? माझी शाळा गेली, घर गेलं, आईच्या मातीला जाता आलं नाही. मी काय केलं होतं? बाहेरच्या खोलीत बसलो होतो, एवढंच ना?"

  या घरात आपल्यामुळे जे गेलं ते इराजचं गेलं, हे ती रोज मनातल्या मनात कबूल करत होती.

वकीलबाई, फ्राऊ हाइनेमान, सायकलवरून ऑफिसला येणाऱ्या, पिकल्या केसांच्या, सरळ बोलणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, कोर्टाला दहा माणसं नकोत. एक पुरे. जिच्या अंगातला छर्रा तुम्ही काढलात अशी एक व्यक्ती लिहून देऊ दे. इराणबाहेर पडलेलं कुणीच नाही का?

इराजने फरंगीसकडे पाहिलं. दिलारा आणि इफ्फत खानम निसटून तुर्कस्तानात वान शहरी येऊन राहिल्या होत्या, हे दोघांनाही ठाऊक होतं. नवरोजला इफ्फत खानमने फोन करून रडत रडत आशीर्वाद दिले होते.

आठवडाभर स्वतःशी झगडून फरंगीसने फोन लावला. इफ्फत खानमने तोंड भरून चौकशी केली. तुमच्यावरून जीव ओवाळून टाकेन, म्हणाली. पोरगी आता नीट चालते, तुमच्या हातांना देव सुखी ठेवो. फरंगीसने आढेवेढे घेत विषय काढला.

"फरंगीस खानम," ती म्हणाली, आणि तिचा आवाज आता निराळा होता. "दिलाराचे बाबा अजून तिथेच आहेत. दर आठवड्याला त्यांना बोलावून घेतात, मुलगी कुठे दडवलीस म्हणून विचारतात. ते सांगतात, शिकायला परगावी गेलीय, पायाला काही झालेलं नाही. इथून आम्हाला कधी ट्रकमध्ये घालून परत सीमेवर नेतील, त्याचा भरवसा नाही. आणि तुम्ही म्हणता, तिचं नाव लिहून द्या."

"तो कागद कोर्टाबाहेर जाणार नाही, असं वकीलबाई म्हणतात."

"त्या दिवशी तुम्ही मला म्हणाला होतात, हे याच चार भिंतींत राहील. तुमच्या त्या शब्दावर मी पोरीला टेबलावर झोपवली. आता त्या उपकाराची परतफेड मागताय का?"

 "माझं चुकलं, इफ्फत खानम. मी विचारलंच नाही असं समजा." आणखी माफी मागून तिने फोन ठेवला. 

सुनावणीची तारीख लागली. तिच्या थोडंसं आधी फ्राऊ हाइनेमानचा फोन आला. त्या खुशीत होत्या. वानहून आलेला जबाब उत्तम आहे, म्हणाल्या. बरोबर पायाचा एक्स-रे, खोलवर राहिलेले छर्रे त्यात स्पष्ट दिसतात. याच्यापुढे आता काही लागायचं नाही.

फरंगीस फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली. इराज वांगी सोलत होता. त्याने मान वर केली नाही.

"तू मागवलंस?"

"हो."

"तिच्या आईने नाही म्हटलं होतं."

"मी तिच्या आईला विचारलंच नाही. तिला विचारलं. बावीस वर्षांची बाई आहे ती, फरंगीस. तू तिला अजून टेबलावरची पोर समजतेस."

त्यात तथ्य होतं. तिने दिलाराला फोन लावला. पोरगी ठामपणे बोलली. "खाला, मी माझ्या मर्जीने दिलंय. मला द्यायचंच होतं. जो तो मला गप्प बस म्हणतो. पायात शिसं घेऊन मी गप्प बसून आहे."

"तुझ्या आईला ठाऊक आहे?"

"नाही."

"बाबांना?"

"त्यांनाही नाही."

"दिलारा, तुझ्या जिवावरचं तू देऊ शकतेस, बाळा. बाबांच्या जिवावरचं नाही देऊ शकत."

"आणि तुम्हाला परत पाठवलं तर? विमानतळावरच धरतील तुम्हाला. ते कुणाच्या जिवावर, खाला? माझ्याच ना?" आणि ती रडायला लागली.  पोरीचं काही चुकत नव्हतं. आईचंही चुकत नव्हतं. इराजचंही नाही.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच वकीलबाईंकडे गेली आणि तो जबाब देऊ नका, म्हणाली. फ्राऊ हाइनेमानने चष्मा काढला. "आपण काय करतोय, ते कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

"मला तसं वाटत नाही," त्या म्हणाल्या. "मी तो बॅगेत ठेवते. शेवटच्या क्षणापर्यंत तो तिथेच असेल." इराजला हे सांगायची फरंगीसला हिंमत झाली नाही. जबाबावरून झालेल्या भांडणानंतर तो तसाही तिच्याशी कामापुरतंच बोलत होता. भात वाढ, दिवा बंद कर, एवढंच.

कोर्टाची खोली शाळेच्या वर्गासारखी होती. न्यायाधीशांना सर्दी झाली होती. ते मधूनमधून नाक पुसत आणि बोललेलं सगळं आपल्या शब्दांत एका छोट्या यंत्रात सांगून नोंदवत. या वेळी दुभाषी बाई होती, अफगाणिस्तानातल्या हेरातकडच्या वळणाची. इराजला बाहेर बाकावर थांबवलं होतं. फरंगीस बसली आणि सहज मागे वळून पाहते तो शेवटच्या खुर्चीवर काळ्या केसांचा, मांडीवर फाइल घेतलेला एक माणूस. कोर्ट सगळ्यांना उघडं असतं, कुणीही येऊन बसू शकतं, हे वकीलबाईंनी सांगितलेलं होतं.  पण तो चेहरा आपल्याकडचा दिसत होता.

तिने सांगायला सुरुवात केली. टेबल, प्लास्टिक, इस्पितळातून झग्याआड आणलेलं भूल द्यायचं औषध, ते संपल्यावर काय केलं ते. बोलताना तिचा आवाज स्थिर होता, पण पाठीला त्या माणसाची नजर चिकटल्यासारखी वाटत होती. मग न्यायाधीशांनी तोच प्रश्न विचारला. नावं?

"नाव आहे," ती म्हणाली. "वकीलबाईंच्या बॅगेत कागदसुद्धा आहे. पण मी तो देणार नाही."

फ्राऊ हाइनेमानने डोळे मिटून घेतले. न्यायाधीशांनी यंत्र बंद केलं.

"का?"

"त्या नावामागे एक माणूस आहे, तो अजून तिथे आहे."

"इथले कागद तिथे जात नाहीत, बाई."

"आमच्या इस्पितळातले कागदही बाहेर जायचे नाहीत, साहेब. लोक त्या भरवशावर यायचे." आणि तिची नजर पुन्हा मागे गेली.

न्यायाधीशांच्या ते लक्षात आलं. त्यांनी त्या माणसाला विचारलं, आपण कोण? तो गडबडून उभा राहिला. यानंतरचा दावा त्याचाच होता, चुकून आधीच आत येऊन बसला होता. त्याला बाहेर थांबायला सांगितलं. दार लागलं. "आता?" न्यायाधीश म्हणाले.

फरंगीसने मान हलवली. "तरी नाही."

मग इराजला आत बोलावलं. फरंगीसला बाजूच्या खुर्चीवर बसवलं, काही बोलायचं नाही, अशी ताकीद देऊन. इराजला आत काय झालं ते ठाऊक नव्हतं. जबाब दिला गेलाय असंच तो धरून चालला असणार, आणि नसेल दिला, तरी नाव त्याच्या जिभेवर होतं. नुसतं उच्चारलं की झालं. इतक्या दिवसांच्या रागानंतर तो का उच्चारणार नाही? फरंगीसने खुर्चीची कड घट्ट धरली.

"तुम्ही त्या जखमी लोकांना पाहिलंत?" न्यायाधीशांनी विचारलं.

इराजने बायकोकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी त्याने तिच्याकडे असं सरळ पाहिलं होतं. काय दिसलं त्याला कोण जाणे.

"नाही," तो म्हणाला.

"मागे तुम्ही म्हणालात, आतल्या खोलीत. पत्नी म्हणतात, स्वयंपाकघरात."

"मला आतलं सगळं सारखंच होतं, साहेब. मी बाहेर असायचो. दार लावलेलं असायचं. मी टीव्ही मोठा करून ठेवायचो. त्या वेळेला एक स्वयंपाकाचा कार्यक्रम लागायचा. एक बाई भाताला खाली खरपूस थर कसा आणायचा ते शिकवायची. ती सारखं म्हणायची, घाई करू नका, आच मंद ठेवा." दुभाषी बाई हे सांगताना जरा थांबली. इराज बोलत राहिला. "छर्रा निघाला की स्टीलच्या वाटीत पडायचा. तो आवाज टीव्हीतूनही यायचा. पहिल्या दिवशी मी मोजत होतो. मग आवाज आणखी मोठा केला. तोंडात टॉवेल धरून माणूस ओरडतो तेव्हा कसं ऐकू येतं, ते मला सांगता येईल. पोरगी आहे की पोरगा, तेही कळतं. माझ्या वर्गात त्याच वयाची मुलं बसायची. मी दार उघडलं नाही. एकदाही नाही. हिने हाक मारली असती तर गेलो असतो, असं मी स्वतःला सांगतो. ती हाक मारणार नाही, हे मला ठाऊक होतं."

न्यायाधीशांनी नाक पुसलं.

"आणि नावं?"

"मला एकही ठाऊक नाही," इराज म्हणाला.

त्या खोलीत त्या दिवशी खोटं बोललं गेलं ते एवढंच. फरंगीसने मान खाली घातली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, बंद दाराबाहेर इराज चहा पीत टीव्ही बघत बसलेला असायचा.

बाहेर आल्यावर दोघं बाकावर बसली. इराजने विचारलं, "दिलास तो कागद?"

"नाही."

"मला वकीलबाईंच्या तोंडावरूनच कळलं," तो म्हणाला. पिशवीतली पाव-पनीरची पुडी काढून त्याने अर्धी तिला दिली. खाऊन झाल्यावर म्हणाला, "मला अजून तुझा राग आहे. तो जाईल असं समजू नकोस." ती म्हणाली, नाही समजत.

त्यानंतरचे आठवडे आधीच्या सगळ्या वाट बघण्यापेक्षा वाईट गेले. फरंगीसचं जेवण सुटलं. फ्राऊ हाइनेमान काही सांगायला तयार नव्हत्या, त्यांच्याही आवाजात आशा ऐकू येत नव्हती. टपालाच्या वेळी इराज आता खिडकीत बसत नसे, खाली रस्त्यावरच जाऊन उभा राही. शेवटी पिवळं पाकीट आलं, ते दोघांनी न फोडताच वकीलबाईंकडे नेलं. त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं, मग खुर्चीत बसल्या. न्यायाधीशांनी विश्वास ठेवला होता. दोघांचं सांगणं एकमेकांशी जिथे जुळत नाही, तिथेच ते सगळ्यात खरं वाटतं, असं काहीसं त्यात म्हटलं होतं. राहायचा परवाना मिळणार होता.

इराज भिंतीकडे तोंड करून रडला. फरंगीसला रडू आलं नाही. तिने विचारलं, "यात कुणाचं नाव आलंय का, ते परत एकदा बघा ना." फ्राऊ हाइनेमानने पहिल्या पानापासून पुन्हा वाचलं आणि नाही म्हणाल्या. मग त्यांनी बॅगेतला तो जबाब काढून तिच्या हातात दिला. तिने तो घरी शेगडीवर जाळला.

निकालावर आश्रयाच्या कचेरीने अपील केलं नाही. फरंगीस आता परिचारिकेची इथली परीक्षा द्यायची तयारी करते, आणि बाहेरचे कपडे बदलून झोपते. इराज एका शाळेत मुलांना दुपारच्या वेळी सांभाळतो आणि रविवारी केक खायला जातो. इफ्फत खानमचा फोन त्यानंतर आला नाही.

दिलाराचा मात्र आला, गेल्या महिन्यात. जबाब कोर्टात दिला नाही याचा राग निवळला होता की तिने तो बाजूला ठेवला होता, ते कळलं नाही. तिलाही आता वानमधल्या आश्रयाच्या कचेरीने मुलाखतीला बोलावलं होतं. ते काय विचारतात, खाला? फरंगीसने पलंगावर बसून सांगायला सुरुवात केली. पाणी देतील, पी. दुभाषी नको वाटला तर आधीच सांग, मग सांगता येत नाही. आठवत नाही, असं म्हणू नकोस. सांगायचं नाही, असं म्हण. पोरगी ऐकत होती. मग तिने विचारलं, "छर्रे कुणी काढले विचारलं, तर तुमचं नाव सांगू?"

"सांग," फरंगीस म्हणाली. "मी आता इथे आहे. मला काय होणार?"

फोन ठेवल्यावर तिला थोरल्या बहिणीची आठवण झाली. महलका शिराझलाच होती. तिथे तिचं शिवणकामाचं दुकान होतं आणि सूनही तिच्याजवळ राहायची. लग्नानंतरही तिकडे बायका माहेरचंच आडनाव लावतात, त्यामुळे फरंगीसचं आणि तिचं आडनाव एक; ते नाव तिथे पुन्हा निघालं, तर माणसं आधी महलकाच्याच दारात जातील.  तिने बहिणीला फोन लावला. पण माझं नाव सांगू दिलं तर चालेल का, असं त्या फोनवर उघड विचारता येतं थोडंच? दोघी गुडघ्यांबद्दल बोलल्या, महागलेल्या तांदळाबद्दल बोलल्या, यंदा अंगणातल्या डाळिंबाच्या झाडाला फळ कमी धरलं त्याबद्दल बोलल्या. महलका म्हणाली, तू बरी आहेस ना, तुझा आवाज असा का येतोय? फरंगीस म्हणाली, सर्दी झालीय.

इराज दाराशी येऊन दोन्ही फोन ऐकत उभा होता. "विचारलंस?"

"कसं विचारणार?"

तो आत येऊन तिच्याशेजारी बसला. दिलाराची मुलाखत येत्या मंगळवारी होती.